स्वस्त विमान तिकिटावर लाउंजचा लाभ कसा घ्यावा

इंडिगो, अकासा किंवा स्पाइसजेटने प्रवास करणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की विमानतळावरील लाउंज, म्हणजे विमानाची वाट पाहताना निवांत बसण्याची आणि खाण्यापिण्याची खास जागा, केवळ बिझनेस क्लासच्या प्रवाशांसाठी राखून ठेवलेले असते. भारतातील देशांतर्गत प्रवासात मात्र बहुतांश लोक लाउंजमध्ये जातात ते आपल्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाच्या आधारे, आणि तिथे तिकीट कोणत्या कंपनीचे आहे याने सहसा काहीच फरक पडत नाही. ज्या विमानात चहासुद्धा विकत घ्यावा लागतो, त्या विमानाच्या प्रवाशाला तर निघण्यापूर्वी मिळणाऱ्या गरम जेवणाचे मोल अधिकच असते.

तयारीची सुरुवात घरीच करावी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर आपल्या नेमक्या कार्डाची माहिती उघडून पाहावी, कारण एकाच बँकेच्या दोन कार्डांचे नियम पूर्णपणे वेगळे असू शकतात. रुपे सिलेक्ट, व्हिसा सिग्नेचर यांसारख्या वरच्या श्रेणीच्या कार्डांवर ही सवलत बहुधा असते, परंतु अलीकडे अनेक बँकांनी तिला खर्चाची अट जोडली आहे. मागील तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च झाली असेल तरच चालू तिमाहीत प्रवेश मिळतो, म्हणजे मे महिन्यात प्रवास असेल तर जानेवारी ते मार्च या काळातील खर्च पाहिला जातो. काही बँका कार्ड स्वाइप करण्याऐवजी अ‍ॅपमधून क्यूआर कोड किंवा व्हाउचर काढायला सांगतात. तो कोड रांगेत उभे राहून शोधण्यापेक्षा आधीच काढून ठेवावा. जुन्या माहितीवर विसंबू नये. लाउंजची व्यवस्था पाहणाऱ्या ड्रीमफोक्स या कंपनीने 2025 मध्ये आपली देशांतर्गत लाउंजसेवा थांबवली, तेव्हा अनेक कार्डांची प्रवेशाची पद्धतच बदलली.

यानंतर टर्मिनल तपासावे, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी इथेच घ्यायला हवी. मुंबईत इंडिगोची काही विमाने टर्मिनल 1 वरून, तर काही टर्मिनल 2 वरून सुटतात. या दोन इमारती एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की पायी जाणे शक्य नाही, आणि ज्या टर्मिनलचे तिकीट नाही तिथे सुरक्षारक्षक दारातूनच परत पाठवतात. म्हणून कार्डाच्या यादीत नुसते ‘मुंबई’ पाहून समाधान मानू नये. तिकिटावरील टर्मिनल आणि यादीतील टर्मिनल एकच आहे ना, आणि लाउंज देशांतर्गत विभागात आहे की आंतरराष्ट्रीय, हे ताडून पाहावे. परदेशातही हीच दक्षता हवी: क्वालालंपूरला एअरएशियाची विमाने टर्मिनल 2 वरून सुटतात, तेव्हा टर्मिनल 1 मधील उत्तम लाउंजचा त्या प्रवाशाला काहीही उपयोग नसतो.

लाउंज सहसा सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असते. दारावरील काउंटरवर बोर्डिंग पास आणि कार्ड द्यावे. दोन्हींवरील नाव जुळले पाहिजे, त्यामुळे पतीचे कार्ड घेऊन पत्नीने एकटीने जाणे चालत नाही. कर्मचारी मशीनवर कार्ड स्वाइप करतात, पिन टाकावा लागतो आणि कार्डाच्या प्रकारानुसार 2 किंवा 25 रुपये कापले जातात. स्वाइपचे व्यवहार अ‍ॅपमधून बंद करून ठेवले असतील तर पात्र असलेले कार्डही नाकारले जाते. परदेशी लाउंजसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. सोबतच्या व्यक्तीचा प्रवेश बहुतेक कार्डांवर मोफत नसतो, म्हणून कुटुंबासह जाताना प्रत्येकाजवळ स्वतःचे कार्ड असलेले बरे. मुलांसाठी वयाची अट काउंटरवर विचारून घ्यावी.

पैसे भरूनही आत जाता येते, पण अर्धाच तास हाताशी असेल तर ते परवडत नाही असे मला वाटते. कोलकाता विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेत चहा 10 रुपयांना आणि समोसा 20 रुपयांना मिळू लागला. अशी सोय जिथे असेल तिथे घाईच्या प्रवाशाने तिचाच विचार करावा.

सकाळी आणि सायंकाळी लाउंजबाहेर रांग लागते, तो वेळ हिशेबात धरावा. अनेक विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, आणि इंडिगोचे बोर्डिंग गेट उड्डाणाच्या 25 मिनिटे आधी बंद होते. म्हणून आत बसल्यावर मोबाइलवर गजर लावावा, गेट बदलले आहे का हे फलकावर पाहत राहावे आणि उड्डाणाला पाऊण तास उरला की निघावे; गेट दूरच्या टोकाला असेल तर त्याहून आधी.