सिएना पहिल्यांदा बघताना

इटलीतल्या फ्लोरेन्सहून रेल्वेने दीड तासात सिएना शहर येतं, पण स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. सामान घेऊन चढ चढू नका. समोरच्या इमारतीतून सरकते जिने थेट वर नेतात. मी चालत गेले आणि अर्धी सकाळ दम खाण्यात घालवली.

मग नकाशा बंद करा. भिंतींवर गोगलगाय, कासव, हंस अशी चिन्हं दिसतील. शहरात असे 17 मोहल्ले आहेत, प्रत्येकाचं आपलं निशाण. चिन्ह बदललं की मोहल्ला बदलला.

एखाद्या अंधाऱ्या बोळातून अचानक काम्पो चौक उघडतो. मला तर भरूनच आलं! शिंपल्यासारखा उतरता, विटांचा, 9 भागांत विभागलेला. इथे खाली बसायचंच. संध्याकाळी हात टेकला तर विटा अजून कोमट लागतात. शेजारी आजोबा नातवाला आइस्क्रीम भरवत असतात.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. शेजारची अर्धवट भिंत चुकवू नका: 1348 च्या प्लेगनंतर कॅथेड्रलचं वाढीव बांधकाम कायमचं थांबलं. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला चौकात घोड्यांची शर्यत असते. शांतपणे फिरायचं असेल तर त्या तारखा टाळा.