सांगलीहून सिंगापूरला जाताना

मुलगा किंवा लेक सिंगापूरला असली आणि आईबाबांना पहिल्यांदाच तिकडे पाठवायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न येतो तो विमानाला किती वेळ लागतो हा. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर आहे, थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास घेतं. पण सांगलीकरांनी एवढ्यावर बेत आखू नये. विमानाची वेळ धरून उलटा हिशेब करत घराच्या दारापर्यंत यावं.

समजा, विमान रात्री ११:३० चं आहे. विमानतळावर ८:३० ला पोचायलाच हवं. सांगली ते मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या घरात, जेवणखाण धरून आठ तास. त्यात खंबाटकीचा घाट, पुण्याची गर्दी, पनवेलच्या पुढची कोंडी, म्हणजे वर तीन तास हाताशी हवेत. सकाळी ९ ला गाडी पेठ नाक्याच्या दिशेनं निघालेली बरी. वय झालेल्यांसाठी मला तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेसच बरी वाटते. सकाळी मुंबईत उतरून नातेवाइकांकडे दिवसभर पाठ टेकता येते.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे आईबाबांना आधीच सांगा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री ११:३० ला निघालेलं विमान तिथल्या सकाळी ७:३० च्या सुमारास उतरतं, तेव्हा सांगलीत पहाटेचे ५ वाजलेले असतात. जाताना तिकिटावर आठ तास दिसतात आणि येताना तीनच, पण हवेतला वेळ जवळपास तेवढाच असतो. औषधांच्या वेळाही यामुळे सरकतात. रोजची रात्री ८ ची गोळी तिथे १०:३० ला येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहूनच घ्यावं. इन्सुलिन आणि गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत कधीच नाही. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल, तर सिंगापूरची आगाऊ परवानगी लागते. ते काम आधी उरका.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, व्हिसा हवा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. कुणी पैसे मागितले, तर ती साइट बंद करा.

भडंग, बेदाणे, हळद खुशाल द्या. लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेत, नीट बांधून. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. सुकं खोबरं मात्र देऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही मानतात आणि तपासणीत काढून ठेवतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत. च्युइंगम घरीच ठेवा.

गुडघे दुखत असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. तिकडे उतरल्यावर फोन लागेलच असं नाही, म्हणून मुलाचा नंबर आणि पत्ता कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये एक आणि बाबांच्या खिशात एक असू द्या.