बिऱ्हाड चाकांवर नेण्याआधी

गाडी सगळ्यात शेवटी घ्या. घर सोडून गाडीतच, रस्त्यावर राहायचं मनात आलं की आपण आधी गाड्यांचे फोटो बघायला लागतो, आणि घाई होते ती तिथेच. गाडी केवढी हवी, टाकी किती लिटरची, बॅटरी कोणती, या सगळ्याची उत्तरं आपल्या रोजच्या जगण्यात असतात. ते जगणं आपण कधी मोजलेलं मात्र नसतं. म्हणून माझ्या यादीत पहिली येते एक वही.

सुरुवात पाण्यापासून करा. सकाळी वीस लिटरचा कॅन भरून ओट्यावर ठेवा आणि त्या दिवशी पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, सगळं त्यातूनच करा. नळाला हात लावायचा नाही. माझा पहिला कॅन दुपारी दोनच्या आत संपला होता. दोन आठवडे रोज हेच केल्यावर तेवढंच पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरायला लागलं. भांडी आधी पुसून मग धुवायची आणि धुतलेलं दुसरं पाणी पुढच्या भांड्यांना पहिलं म्हणून वापरायचं, एवढाच बदल केला होता. तुमचा रोजचा आकडा हाती आला की त्याला दिवसांनी गुणा, म्हणजे टाकीचं माप मिळेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ऐंशी लिटरची भरलेली टाकी म्हणजे गाडीत कायम एक धडधाकट माणूस जास्तीचा बसलेला.

विजेचा हिशोब थोडा किचकट आहे, पण तो स्वतः करा, दुकानदाराकडून करून घेऊ नका. प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले वापराचे तास, इतकंच गणित आहे. लॅपटॉप 50 वॅटचा आणि सहा तास चालतो, म्हणजे 300 वॅट-तास. बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज सतत ओढत नाही, चालू-बंद होत राहतो. तो दिवसाला 400 धरा. दिवे, पंखा, फोन मिळून 100. एकूण झाले 800. आता बारा व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर 1200 वॅट-तास. ती लेड-ॲसिडची असेल तर रोज निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती येतात 600, आणि ते पुरत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ऐंशी टक्के निर्धास्त वापरता येते, तिच्यात तुमचा दिवस निभावतो. फक्त बॅटरीचं तापमान शून्य अंशाच्या खाली असताना ती चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते. थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी तिची जागा गाडीच्या आत, उबेला ठरवावी.

सौर पॅनेलवर लिहिलेले 100 वॅट लख्ख उन्हात, पॅनेल सूर्याकडे सरळ तोंड करून असतं तेव्हाचे. छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलकडून चांगल्या दिवशी 300 ते 400 वॅट-तासांची अपेक्षा ठेवा, ढगाळ दिवशी फारच कमी. म्हणून गाडी चालताना इंजिनावरून बॅटरी भरण्याची सोयही करून घ्या. विजेची शेगडी आणि हीटर मात्र या हिशोबात बसतच नाहीत. दीड हजार वॅटचा हीटर तासाभरात ती अख्खी बॅटरी रिकामी करेल.

वहीचा तिसरा भाग पैशांचा. इंधन, सर्व्हिसिंग, विमा, रात्रीच्या मुक्कामाचं भाडं, कपडे धुणं, इंटरनेट असे रकाने पाडा आणि घरात असतानाच त्या अंदाजात महिना काढून बघा. यातला इंधनाचा रकाना सगळ्यात जास्त तुमच्या हातात असतो. एका जागी आठवडाभर थांबणाऱ्याचा खर्च रोज जागा बदलणाऱ्यापेक्षा खूप कमी येतो. याशिवाय दोन रकमा वेगळ्या काढाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. एक गाडीच्या मोठ्या दुरुस्तीची, दुसरी परतीची. परतीची म्हणजे पुन्हा घर भाड्याने घेऊन तीन-चार महिने राहता येईल एवढी. दुसरीला काही झालं तरी हात लावायचा नाही. ती रक्कम बाजूला असेल तरच रस्त्यावर राहणं मनापासून निवडलेलं राहतं, नाहीतर तीच सक्ती होऊन बसते.

सामानाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी मांडतो. सगळं एका फटक्यात विकून मोकळं होऊ नका. खोक्यांत भरा, वर तारीख लिहा. तीन महिन्यांत जे खोकं उघडावं लागलं नाही ते देऊन टाका. आईवडिलांची पत्रं, लहानपणचे फोटो यांना हा नियम लावू नका. त्यांचे स्कॅन काढा आणि मूळ प्रती विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण पाठीवर काय घ्यायचं हे ठरवायला माणसाला वेळ लागतो, आणि तो वेळ घेण्यात काही चूक नाही.

मग घरातल्या जमिनीवर चिकटपट्टीने गाडीच्या आतल्या मोजमापाचा चौकोन आखा. त्यात झोपून बघा, पाय लांब होतात का ते पाहा. दोघं असाल तर एकाने स्वयंपाक करताना दुसरा कुठे बसतो ते पाहा. पुढची पायरी म्हणजे कुणाची तरी किंवा भाड्याची गाडी घेऊन आधी तीन रात्री आणि मग दहा दिवस राहून येणं. त्यात एक दिवस कामाचा आणि एक धो धो पावसाचा असू द्या. ओले कपडे, ओले बूट आणि दारं बंद करून काढलेली संध्याकाळ हीच खरी परीक्षा. आम्ही दोघं त्या दहा दिवसांत एका रेनकोटवरून भांडलो आणि परत आल्यावर दाराशी खुंट्या हव्यात एवढं पक्कं झालं.

आता गाडी. खालून गंज बघा, सर्व्हिसिंगचे कागद बघा, टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) कधी बदलला ते विचारा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं. बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली कमाल वजनाची पट्टी असते, तो आकडा वहीत उतरवून घ्या. सगळं बसवून झालं की टाक्या भरून, सामान आणि माणसांसकट वजनकाट्यावर गाडी उभी करा. आधी लाकडी कपाटांच्या प्रेमात पडून नंतर वजनासाठी ती उपसून काढणारे लोक मी पाहिले आहेत. जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे ठेवाव्यात. स्टेपनी, जॅक, पाना, जंपर केबल गाडीत असू द्याच, पण घरासमोर, दिवसाउजेडी एकदा स्वतःच्या हाताने चाक बदला.

इथे मात्र थोडं थांबा, कारण पुढचं जिवाशी आहे. शेगडी किंवा कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतला माणूस त्याने उठतच नाही. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका, कोळसा तर गाडीत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा अलार्म खाली लावायचा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवायचं. बॅटरीच्या धन टोकाला चिकटून फ्यूज हवाच. आग विझवायचं नळकांडं दाराशी ठेवा, शेगडीच्या पलीकडे असेल तर ऐन वेळी हात पोचणार नाही. रात्री दोन ठिकाणी हवा खेळती ठेवा, थंडी असली तरी. श्वासातली वाफ काचांवर आणि गादीच्या खालच्या अंगाला साचते आणि बुरशी धरते. गादीखाली सलग फळीऐवजी फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्या घाला.

शौचाचा विषय लाजून टाळू नका. गाडीत सोय असेल तर ती ठरलेल्या जागीच रिकामी करायची. रानात वेळ आलीच तर पाण्यापासून किमान 60 मीटर लांब, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून नीट बुजवायचा. कागद सोबत परत आणायचा.

कागदपत्रांसाठी एक अख्खा आठवडा राखून ठेवा. पत्रं कुठे येणार हा पत्ता ठरवा. गाडीत राहणार आहात आणि आत बदल केले आहेत हे विमा कंपनीला लेखी कळवा. बँकेचे संदेश ज्या नंबरवर येतात ते सिम चालू राहील याची तजवीज करा. सीमा ओलांडणार असाल तर अनेक देश पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक मागतात. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मुख्यतः 1949 आणि 1968 अशा दोन करारांखाली मिळतो, आणि कुठे कोणता चालतो ते आधी बघावं लागतं. काही देशांत स्वतःची गाडी नेण्यासाठी कार्ने नावाचं जकातीचं हमीपत्रही लागतं. निघण्यापूर्वी दात दाखवून घ्या, चष्म्याची दुसरी जोडी करा आणि औषधांची चिठ्ठी मूळ द्रव्याच्या नावाने लिहून घ्या. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात.

आणि घरच्यांशी बोला. निर्णय झाल्यावर नुसता कळवू नका, ठरत असतानाच बोला. त्यांना भीती वाटते ती तुम्ही कुठे असाल हे माहीत नसण्याची. आठवड्याचा एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि मुक्काम बदलला की एका माणसाला कळवायचं, एवढं वचन द्या आणि पाळा. रस्त्यावर एकटेपणा पहिल्या महिन्यात जाणवत नाही, नवलाई असते. तो नंतर येतो, बहुधा एखाद्या संध्याकाळी, आणि तेव्हा तो ठरलेला वार फार आधार देतो.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. घरापासून दोन तासांच्या आत, मदतीला कुणी येऊ शकेल अशा ठिकाणी थांबा आणि अंधार पडायच्या आत पोचा. गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला करा, ड्रायव्हरची सीट मोकळी ठेवा, किल्ली आणि टॉर्च हाताशी ठेवा. मग दिवे मालवा.