स्पेक्ट्रमवर ‘आर टेप लोडिंग एरर’: दोष बहुधा हेडचा

झेडएक्स स्पेक्ट्रम (आपल्याकडे डीबी स्पेक्ट्रम+) या कॅसेटवरून प्रोग्राम लोड करणाऱ्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर स्क्रीनच्या बॉर्डरवर लाल-निळसर पट्टे स्थिर येत होते, पण पिवळे-निळे सुरू झाले की लोडिंग कोसळायचं आणि ‘आर टेप लोडिंग एरर’ हा संदेश यायचा. कॉम्प्युटर ठणठणीत होता. लाल-निळसर पट्ट्यांच्या वेळचा सुरुवातीचा सूर सुमारे ८०० हर्ट्झचा. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांच्या वेळी येणाऱ्या डेटातला ‘शून्य’ मात्र २००० हर्ट्झच्या आसपास. टेपरेकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) तिरकं झालं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात.

आधी आयसोप्रॉपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारी धातूची दांडी) पुसले. टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल कमीच लावा. मग विकतची मूळ कॅसेट लावून, इअरची (टेपरेकॉर्डरचा आवाज कॉम्प्युटरला देणारी) वायर काढून, स्पीकरवर डेटाचा आवाज ऐकत हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी किंचित फिरवला. आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबायचं. अर्ध्या फेरीहून जास्त लागलं तर हेडच झिजलेलं असू शकतं. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

लोड करताना टेपरेकॉर्डरचा ट्रेबल पूर्ण, आवाज पाऊणपट. सेव्ह करताना मात्र इअरची वायर काढलेलीच हवी. आणि त्याच टेपरेकॉर्डरवर पूर्वी सेव्ह केलेल्या कॅसेटी आता रुसतील. त्यांच्यासाठी स्क्रू पुन्हा मागे न्यावा लागतो, म्हणून मूळ जागेची खूण आधीच करून ठेवा.