गेमचा ढीग कसा कमी केला
स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की हात शिवशिवतात, असं करत करत लायब्ररीत ६३ गेम पडून होते आणि मी रोज रात्री नुसती यादी स्क्रोल करून झोपायचो. शेवटी एका रविवारी बसलो, ज्यांचं चित्र बघून काहीच वाटेना ते सरळ हाइड केले (कायमचे काढायची छाती नाही झाली), आणि उरलेल्यांतले छोटे आधी घेतले. 'अ शॉर्ट हाइक' दोनेक तासांत संपला, डोंगराच्या टोकावर पोचल्यावर फोनला रेंज येते तो क्षण भारीच. मग 'इनसाइड'. २०१५चा 'विचर ३' मात्र तीनदा सुरू करून व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या भागातच सोडलेला, म्हणून आता तो एकटाच इन्स्टॉल ठेवलाय, दुसरं काही नसलं की गपचूप तोच लावतो. परवा तिथला ग्रिफिन नावाचा पंखवाला राक्षस मारला एकदाचा.