अमेरिकेत दात भरण्याआधी इन्शुरन्सचा हिशोब कसा मांडायचा

अमेरिकेतल्या बहुतेक डेंटल प्लॅनच्या माहितीपत्रकात फिलिंगसमोर '८० टक्के' असं छापलेलं असतं. दवाखान्यात फोन केला तर फ्रंट डेस्कवरूनही "हो, कव्हर्ड आहे" असं उत्तर मिळतं. मग दाढ भरून झाल्यावर काही आठवड्यांनी बिल येतं आणि आपला वाटा वीस टक्क्यांचा नाही, चांगला साठ-सत्तर टक्क्यांचा निघतो. यात सहसा कुणी फसवलेलं नसतं. ८० टक्के खरेच असतात. ते कोणत्या रकमेचे, हे आपण विचारलेलं नसतं. ते खुर्चीत बसण्याआधीच विचारून घ्यायचं.

आधी प्लॅनचं सविस्तर पुस्तक काढा. एका पानाचा रंगीत गोषवारा कामाचा नाही. पीपीओ प्रकारच्या, म्हणजे कुठल्याही डेंटिस्टकडे जाता येणाऱ्या प्लॅनमध्ये १००-८०-५० ही विभागणी नेहमीची: तपासणी आणि सफाईला १००, फिलिंगसारख्या 'बेसिक' कामाला ८०, क्राउनसारख्या 'मेजर' कामाला ५० टक्के. डीएचएमओ असेल तर टक्केवारीचा प्रश्नच नाही. तिथे ठरलेल्या डेंटिस्टकडेच जायचं आणि प्रत्येक कामाची ठरलेली रक्कम, म्हणजे कोपे, भरायची. मूळ सरकारी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा आरोग्यविमा, साध्या फिलिंगचे पैसे देत नाही, त्यामुळे वडीलधाऱ्यांसाठी बघत असाल तर त्यांचा वेगळा डेंटल प्लॅन आहे का, हे पहिल्यांदा तपासा.

त्या पुस्तकात चार गोष्टींवर खूण करा. डिडक्टिबल, म्हणजे प्लॅनने हात सैल करण्याआधी तुम्ही भरायची रक्कम. ती बऱ्याचदा वर्षाला ५० डॉलर असते. वार्षिक कमाल मर्यादा, म्हणजे कंपनी वर्षभरात जास्तीत जास्त देईल ती रक्कम, बहुधा १,००० ते २,००० डॉलरच्या आसपास. नवीन प्लॅन असेल तर वेटिंग पीरियड, म्हणजे पैसे मिळू लागण्याआधी थांबायची मुदत. आणि जुनं फिलिंग बदलण्याची अट: त्याच दाताच्या त्याच बाजूला पुन्हा फिलिंग केलं, तर ठरावीक मुदत, अनेकदा २४ महिने, उलटल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. कमाल मर्यादेबद्दल एक सांगायला हवं, कारण इथे भलेभले गोंधळतात. मेडिकल इन्शुरन्समध्ये मर्यादा तुमच्या खर्चाची असते; ती गाठली की पुढचा कव्हर्ड खर्च कंपनी उचलते. डेंटलमध्ये ती कंपनीच्या खर्चाची असते; ती गाठली की कंपनी थांबते आणि पुढचा सगळा खर्च तुमचा.

आता डेंटिस्टकडून ट्रीटमेंट प्लॅन लेखी घ्या. त्यावर दाताचा क्रमांक, बाजू आणि कोड ही माहिती हवी. क्रमांक १ ते ३२ असतात: १ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ, १६ वरची डावी, १७ खालची डावी, ३२ खालची उजवी. दुधाच्या दातांना आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं असतात. बाजूंनाही अक्षरं आहेत: 'ओ' म्हणजे दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग, 'एम' पुढच्या शेजाऱ्याकडची बाजू, 'डी' मागच्या शेजाऱ्याकडची, 'बी' गालाकडची, 'एल' जिभेकडची. 'एमओडी' असं दिसलं, तर तीन बाजूंचं फिलिंग.

कोड अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या सीडीटी या दातांच्या कामांच्या यादीतले असतात. चांदीच्या, म्हणजे अमाल्गमच्या (पारा मिसळलेल्या धातूच्या) फिलिंगला एका बाजूसाठी डी२१४०, दोन बाजूंसाठी डी२१५०, तीनसाठी डी२१६०. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट दाढेत भरलं तर डी२३९१, डी२३९२, डी२३९३ आणि चार किंवा जास्त बाजूंसाठी डी२३९४. पुढच्या दातांची मालिका डी२३३० पासून सुरू होते. बाजू वाढली की दर वाढतो, म्हणून 'किती फिलिंग' यापेक्षा 'किती बाजू' हा प्रश्न महत्त्वाचा.

कोड हातात आला की इन्शुरन्स कंपनीला फोन करा. "फिलिंग कव्हर्ड आहे का?" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. असं विचारा: "तीस नंबरच्या दाढेवर डी२३९२ केलं तर तुम्ही त्याच कोडचा दर धरता की डी२१५० चा?" दाढेत कॉम्पोझिट भरलं तरी अमाल्गमच्या दरानेच पैसे देण्याची अट अनेक प्लॅनमध्ये असते. पुस्तकात ती 'अल्टरनेट बेनिफिट' या नावाखाली सापडते, बोलताना सगळे 'डाउनग्रेड' म्हणतात. बिल फुगण्याचं हेच मला सर्वात मोठं कारण वाटतं, आणि छापलेलं असतं ते अगदी बारीक अक्षरात.

आकड्यांत पाहू. समजा, नेटवर्कच्या, म्हणजे कंपनीशी करार केलेल्या डेंटिस्टांच्या, करारात दोन बाजूंच्या कॉम्पोझिटचा दर १८० डॉलर आहे, अमाल्गमचा १२०, आणि ५० डॉलरचं डिडक्टिबल अजून बाकी आहे. डाउनग्रेड नसेल तर १८० मधून ५० वजा, उरले १३०. त्याचे ८० टक्के म्हणजे १०४ डॉलर कंपनी देईल आणि तुम्ही ७६. डाउनग्रेड असेल तर १२० मधून ५० वजा, उरले ७०; त्याचे ८० टक्के ५६. बाकीचे १२४ डॉलर तुमचे. पत्रकावरचे ८० टक्के दोन्हीकडे तेच, खिशातून जाणारे पैसे मात्र ४८ डॉलरने जास्त. डेंटिस्ट नेटवर्कबाहेरचा असेल, तर कंपनीने मान्य केलेला दर आणि त्याचा प्रत्यक्ष दर यांतला फरकही तुमच्याच माथी येतो.

तीन-चार दात भरायचे असतील किंवा वार्षिक मर्यादा संपत आली असेल, तर डेंटिस्टला कंपनीकडे 'प्रीडिटरमिनेशन', म्हणजे कामाआधीची खर्चाची विचारणा, पाठवायला सांगा. कंपनी अंदाजाचं पत्र देते. ती हमी नसते. मधल्या काळात मर्यादा संपली किंवा प्लॅन बदलला तर आकडा बदलतो. एका छोट्या फिलिंगसाठी हा खटाटोप करू नका. दुखणाऱ्या दाताला तर मुळीच पत्राची वाट पाहायला लावू नका, कारण कीड आत पोचली की फिलिंगचं काम रूट कॅनालवर जातं आणि मग सगळा हिशोबच वेगळा.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी बाजू वाढू शकतात, कारण एक्स-रेमध्ये न दिसलेली कीड ड्रिल चालल्यावर दिसते. निघण्याआधी शेवटी कोणता कोड लावला, ते विचारून घ्या.

नंतर कंपनीकडून ईओबी, म्हणजे दाव्याचे किती पैसे दिले याचं विवरणपत्र येतं. त्यावर 'हे बिल नाही' असं लिहिलेलं असतं, ते खरं माना आणि लगेच पैसे भरू नका. आकारलेली रक्कम, मान्य दर, डिडक्टिबल, कंपनीने दिलेले पैसे आणि तुमचा वाटा हे रकाने दवाखान्याच्या बिलाशी ताडून पाहा. डेंटिस्ट नेटवर्कमधला असेल, तर करारातल्या दरापेक्षा जास्तीची रक्कम त्याला सोडून द्यावी लागते. ती बिलात राहिली असेल तर फोन करा. बॉन्डिंग, एचिंग, खालचा लाइनर हे सगळं फिलिंगच्या कोडमध्येच धरलेलं असतं आणि बधिर करण्याचं इंजेक्शनही सहसा त्यातच येतं. यातल्या कशाची वेगळी ओळ दिसली तर का, ते विचारा.

दावा नाकारला तर आधी कारणाची ओळ वाचा. दाताचा क्रमांक किंवा बाजू चुकली असेल, तर अपिलाची गरज नाही. दवाखान्याने दुरुस्त केलेला दावा पुन्हा पाठवला की काम होतं. फिलिंगची गरजच नव्हती असं कंपनीचं म्हणणं असेल, तर एक्स-रे, तोंडातला फोटो आणि डेंटिस्टची दोन-चार ओळींचं टिपण जोडून अपील करा. नोकरीतून मिळालेल्या प्लॅनला एरिसा हा नोकरीतल्या प्लॅनसाठीचा केंद्रीय कायदा लागू असेल, तर नकार मिळाल्यापासून किमान १८० दिवस हातात असतात.

डाउनग्रेडवरचं अपील अवघड, कारण अट करारातच असते. तरी एक मुद्दा मांडून पाहण्यासारखा आहे. एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, मुलं (विशेषतः सहा वर्षांखालची), मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांच्यात शक्य तिथे अमाल्गम टाळण्याची शिफारस केली. तुम्ही किंवा तुमचं मूल यात बसत असेल, तर डेंटिस्टला टिपणात तसं स्पष्ट लिहायला सांगा. मान्य होईलच असं नाही, पण अट लावू नये यासाठी एक वैद्यकीय कारण तरी कागदावर येतं.

नवरा-बायको दोघांचेही प्लॅन असतील तर स्वतःचा प्लॅन आधी चालतो. मुलांसाठी सहसा आई-वडिलांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो, त्याचा प्लॅन पहिला; जन्मवर्ष मोजत नाहीत. पहिल्याचं ईओबी आल्यावर ते जोडून दुसऱ्याकडे दावा पाठवायचा. दुसऱ्या प्लॅनमध्ये 'नॉन-डुप्लिकेशन' अट असेल, तर पहिल्याने दिलेली रक्कम तो स्वतःच्या हिशोबातून वजा करतो, आणि दोन्ही प्लॅन ८० टक्क्यांचे असले की दुसऱ्याकडून बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही.