सोल्डरिंगची नकली बिट कशी ओळखावी

सोल्डर (जोडकामासाठी वितळवायचा मिश्रधातू) बिटच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या पुढच्या बदलता येणाऱ्या तुकड्याच्या, टोकाला न धरता गोळी होऊन घरंगळू लागले की बहुतेक जण स्टेशनचे (आयर्न तापवणाऱ्या यंत्राचे) तापमान वाढवतात. बिट चांगली असेल आणि केवळ मळली असेल, तर तेवढ्याने काही काळ निभावते. परंतु बिटच निकृष्ट असेल, तर वाढवलेले तापमान तिचा उरलासुरला थरही लवकर संपवते. दोष स्टेशनवर लावलेल्या तापमानात आहे की बिटमध्ये, हे आधी ठरवावे, आणि त्यासाठी बिट आतून कशी असते याची कल्पना हवी.

चांगल्या बिटचा गाभा तांब्याचा असतो, कारण उष्णता झटपट वाहून नेण्यात तांबे सरस आहे. त्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर केल्विन असते, तर पितळाची साधारण १२० आणि लोखंडाची ८० च्या आसपास. मात्र सोल्डरमधील वितळलेले कथील तांब्याला विरघळवते, म्हणून गाभ्यावर लोखंडाचा थर चढवलेला असतो. लोखंडही विरघळते, पण फार सावकाश. टोकामागच्या भागावर क्रोमियम असते, त्याला सोल्डर चिकटत नाही आणि ते टोकापुरतेच राहते. नकली बिटमध्ये एक तर गाभा पितळाचा किंवा सरळ लोखंडाचा असतो, किंवा गाभा तांब्याचा असूनही वरचा लोखंडी थर नावापुरता असतो. दोन्ही प्रकार बाहेरून तितकेच चकचकीत दिसतात, त्यामुळे चकाकीवर विसंबण्यात अर्थ नाही.

थर पातळ असला म्हणजे काय होते, ते मी माझ्याच टेबलावर पाहिले आहे. एका पाकिटातील छिन्नीच्या आकाराची बिट थोड्याच दिवसांत मधूनच सोल्डर गिळू लागली. सोल्डरची तार लावावी, ती वितळावी आणि टोकावर काहीच दिसू नये. भिंगाखाली पाहिले, तर कडेजवळ सुईच्या अग्राएवढे छिद्र होते. बिट करवतीने उभी कापली, तेव्हा लोखंडाचे कवच जवळजवळ शाबूत आढळले, पण त्याच्या आतील तांबे कथलाने खाऊन दाताच्या किडीसारखी पोकळी झाली होती. मेलेली बिट फेकण्यापूर्वी अशी कापून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: काप तांबूस दिसला तर गाभा तांब्याचा, पिवळसर दिसला तर पितळाचा, करडा दिसला तर लोखंडाचा, आणि त्या पाकिटातील बाकीच्या बिटांविषयी मग फारसा संशय उरत नाही.

न कापता करण्याजोग्या कसोट्यांमध्ये चुंबकाची कसोटी सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत जास्त फसवतेही. बिट चुंबकाला चिकटली म्हणजे ती नकली, हा समज चुकीचा आहे. अस्सल बिटवरही लोखंडाचा थर असल्याने ती चिकटतेच. उलट जी अजिबात ओढली जात नाही, तिच्यावर लोखंड नाही असे समजावे. त्याच आकाराच्या खात्रीच्या बिटपेक्षा ओढ फारच जोरदार वाटली, तर गाभा लोखंडाचा असण्याची शंका घ्यावी आणि दोन्हींचे वजन बारीक काट्यावर करावे. लोखंड तांब्यापेक्षा हलके असल्याने फरक दिसू शकतो.

हाको कंपनीच्या ९००एमसारखी बिट हीटरवर टोपीप्रमाणे बसते, त्यामुळे तिथे आतील भोकाचे माप गाभ्याइतकेच महत्त्वाचे ठरते. भोक सैल असेल, तर मध्ये हवेची पोकळी राहते आणि हवा उष्णता अडवते. तापमान मोजणारा भाग हीटरमध्ये असल्यामुळे पडद्यावर ३५० दिसत राहते, पण टोक मात्र त्याहून बरेच थंड असते. (सैल बिटमध्ये अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळणारे लोक मी पाहिले आहेत, तो उपाय नव्हे.) हाकोच्याच टी१२ प्रकारात हीटर आणि सेन्सर (तापमान मोजणारा भाग) बिटच्या आतच असतात, आणि नकलेत सेन्सरची जागा थोडी चुकली तरी दाखवलेले तापमान खोटे ठरते. टोकावर मोजणारा तापमापक मिळाला तर प्रश्नच मिटतो.

तो नसेल, तर उष्णतेची परीक्षा कामातूनच घ्यावी. नव्या बिटला आधी २५० अंशांच्या आसपास तापवून फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून वापरायचे द्रव्य) असलेल्या सोल्डरच्या तारेने पूर्ण कल्हई करावी, म्हणजे टोकावर सोल्डरचा पातळ थर चढवावा. मग ३२० अंशांवर एका जुन्या सर्किटच्या पाटीवरील ग्राउंडच्या मोठ्या पॅडला (तांब्याच्या ठिपक्याला) टेकवून सोल्डर पसरायला लागणारा वेळ पाहावा, आणि तेच खात्रीच्या बिटने, त्याच आकाराने, त्याच पॅडवर, पाटी थंड झाल्यावर पुन्हा करावे. त्या पॅडवर नवी बिट रेंगाळली, पण मोकळ्या तारेवर ठीक चालली, तर उष्णता टोकापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ज्यांना स्थिर विद्युतेला नाजूक आयसींवर काम करायचे आहे, त्यांनी स्टेशनचा प्लग काढून मल्टिमीटरने टोक आणि प्लगची अर्थ पिन यांमधील रोधही मोजावा. टोक स्वच्छ असताना तो २ ओहमच्या आत असावा.

बिटला दोष देण्यापूर्वी स्वतःची सवय मात्र तपासावी. कानस किंवा पॉलिश पेपर लावलेली, रात्रभर तापत ठेवलेली अस्सल बिटसुद्धा लवकर मरते, आणि शिसेविरहित सोल्डरमध्ये कथील ९५ टक्क्यांहून अधिक असल्याने ती त्याच्यासोबत आणखी लवकर झिजते.

दहा बिटांचे पाकीट घेतले असेल, तर एकच उघडून तिची ही सगळी परीक्षा घ्यावी आणि बाकीच्या नऊ तापवू नयेत, कारण एकदा कल्हई केलेली बिट विक्रेता सहसा परत घेत नाही.